ग्रँटच्या आठवणी मराठीत आणताना : प्रकल्प नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४

आज कामाचा नारळ फुटला. युलिसिस ग्रँट यांच्या आत्मकथनातली निवडक प्रकरणं मराठीत आणायची. मूळ दोन खंड, सत्तर प्रकरणं आणि शेवटी एक उपसंहार. त्यातली बावीस प्रकरणं आणि उपसंहार घ्यायचं ठरलं. लेखक १८८५ साली वारले, त्यामुळे हक्कांचा प्रश्न नाही.

अमेरिकन यादवी युद्धात (१८६१ ते १८६५, उत्तरेची राज्यं विरुद्ध गुलामगिरी टिकवू पाहणारी बंडखोर दक्षिण) उत्तरेच्या सगळ्या फौजांचा सेनापती झालेला हा माणूस पुढे १८६९ ते १८७७ अशी आठ वर्षं राष्ट्राध्यक्ष होता. मसुदा तपासणारे सर म्हणाले, "पहिल्या पानावर सांगा की हे पुस्तक कसं लिहिलं गेलं. ते कळलं की वाचक पुस्तक खाली ठेवणार नाही." खरं आहे. मे १८८४ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातली त्यांची पेढी बुडाली. भागीदार फर्डिनांड वॉर्ड याने कागदोपत्री नफा दाखवून सगळ्यांना फसवलं होतं. पेढी वाचवायला ग्रँटनी धनाढ्य उद्योगपती व्हँडरबिल्ट यांच्याकडून दीड लाख डॉलर उसने आणले होते, तेही त्याच खड्ड्यात गेले. कर्ज फेडायला त्यांनी आपल्या तलवारी आणि मानचिन्हं देऊन टाकली. त्याच उन्हाळ्यात घसा दुखायला लागला. कर्करोग निघाला. आपल्यामागे बायकोला काहीतरी राहावं म्हणून ते लिहायला बसले, आणि हस्तलिखित हातावेगळं झाल्यावर काही दिवसांतच, २३ जुलै १८८५ रोजी गेले.

प्रकाशक मार्क ट्वेन. निव्वळ नफ्यातला सत्तर टक्के वाटा लेखकाचा, असा करार. युद्धातले जुने सैनिक दारोदार जाऊन पुस्तकाची मागणी नोंदवत होते. ग्रँटच्या पत्नी ज्युलियाबाईंना पहिला धनादेश दोन लाख डॉलरचा मिळाला आणि पुढे एकूण रक्कम चार लाखांच्या वर गेली.

२१ नोव्हेंबर

प्रस्तावनेसाठी एक मुद्दा टिपून ठेवते. ग्रँट एवढे कफल्लक कसे झाले? पेढी बुडाली हे कारण आहेच, पण त्याच्या आधीचं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. राष्ट्राध्यक्ष होताना त्यांनी जनरलचा हुद्दा सोडला, आणि त्याबरोबर तहहयात मिळणारा लष्करी पगारही सुटला. माजी राष्ट्राध्यक्षांना तेव्हा निवृत्तिवेतन नव्हतं. सैन्यातच राहिले असते तर पोटाची काळजी नव्हती. मार्च १८८५ मध्ये, मरणाच्या साडेचार महिने आधी, काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, त्यांना जनरलचा हुद्दा पगारासकट परत दिला.

सैनिकी आयुष्य आणि सार्वजनिक आयुष्य यांच्यातला हा सौदा पुस्तकात कुठेही बोलून दाखवलेला नाही. पण पुस्तक जन्माला आलं ते त्यातूनच.

२ डिसेंबर

प्रकरण १ पुरं. घोड्याचा किस्सा झकास उतरलाय असं वाटतं. आठ वर्षांच्या ग्रँटला शेजारच्या माणसाचं शिंगरू हवं असतं. मालक मागतो पंचवीस डॉलर, वडील म्हणतात वीस. मग वडील समजावतात, आधी वीस सांग, नाही म्हणाला तर साडेबावीस, तरीही नाही म्हणाला तर पंचवीस. पोरगं मालकाकडे जाऊन हे सगळं जसंच्या तसं सांगून टाकतं! सौदा किती डॉलरला पटला हे सांगायची गरजच नाही. गावातली पोरं या गोष्टीवरून त्यांना कितीतरी दिवस चिडवत होती.

भाचीला वाचून दाखवलं. ती अकरावीत आहे आणि या पुस्तकाची पहिली वाचक तीच. हसली, मग म्हणाली, "मावशी, हाच माणूस म्हातारपणी भागीदाराकडून फसला ना?" मी या दोन गोष्टी जोडल्या नव्हत्या. तिनं जोडल्या.

९ डिसेंबर

आज दिवसभर सुभेदारकाकांकडे. काका मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमधून, म्हणजे जंगी पलटणीतून निवृत्त झालेले. साताऱ्याजवळच्या गावात ऊस आणि आलं करतात. सोबत शंभर-सव्वाशे शब्दांची यादी घेऊन गेले होते.

माझी अडचण अशी. युद्धाचे मराठी शब्द माझ्याकडे आहेत ते बखरींतले आणि इतिहासाच्या पुस्तकांतले : कूच, कुमक, रसद, वेढा, आघाडी-पिछाडी, तह. आजचा फौजी बोलतो ते निराळंच, त्यात निम्मं हिंदी नि निम्मं इंग्रजी. ग्रँटची भाषा या दोन्हींच्या मधली. ते दिमाखात लिहीत नाहीत, हुकमाचा कागद लिहावा तसं लिहितात. बखरीचा थाट त्यांना सोसत नाही.

सगळ्यात जास्त वेळ एका वाक्यावर गेला. फेब्रुवारी १८६२, डॉनेल्सनचा किल्ला. आतला सेनापती बकनर, ग्रँटचा जुना मित्र, विचारतो की कोणत्या अटींवर शरण यावं. ग्रँटच्या उत्तराचा गाभा दोन वाक्यांचा, आणि त्या उत्तरानेच त्यांचं नाव देशभर झालं. मी लिहिलं होतं : "बिनशर्त आणि तात्काळ शरणागतीखेरीज कोणत्याही अटी मान्य होणार नाहीत. तुमच्या मोर्च्यांवर लगेच चालून येण्याचा माझा विचार आहे."

काकांना मोर्चा शब्द एकदम पसंत. त्यांच्यासाठी मोर्चा म्हणजे मातीचा, वाळूच्या पोत्यांचा, रायफल टेकवून बसायचा. पण काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मोर्च्यावर चालून येणार म्हणजे लाठीमार करणार का?" झालं. आजच्या मराठीत मोर्चा म्हणजे तहसील कचेरीवर नेतात तो. शेवटी "तटबंदी" ठेवला. थोडा उंचावर बसलेला शब्द आहे, पण फसवत नाही.

या पत्रावरून काकांनी जमालपूरचं सांगितलं. डिसेंबर १९७१, पूर्व पाकिस्तान. काका त्यानंतर तीन वर्षांनी भरती झाले, पण पलटणीत ही गोष्ट प्रत्येक रंगरुटाला ऐकवली जायची. ब्रिगेडियर क्लेर यांनी जमालपुरातल्या पाकिस्तानी बटालियनला शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली. ती घेऊन गेला एक स्थानिक म्हातारा. उत्तर आलं ते कागदात गुंडाळलेल्या गोळीसकट. त्या रात्री बाहेर पडायला निघालेल्या पाकिस्तानी सैन्याची वाट जंगी पलटणीने अडवली होती. काका म्हणाले, "पोरी, चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या मागं पलटण उभी पाहिजे. नाहीतर तो नुसता कागद." ग्रँटच्या दुसऱ्या वाक्याचा अर्थ मला त्या वेळी नीट कळला. पहिलं वाक्य मागणीचं आहे आणि त्याला वजन येतं ते दुसऱ्यामुळे. दोन्हींच्या मध्ये एक शब्दही जास्तीचा चालणार नाही. "माझा विचार आहे" हेसुद्धा सैल वाटायला लागलं. नवा मसुदा : "तुमच्या तटबंदीवर मी लगेच चालून येणार आहे."

२० डिसेंबर

मेक्सिकोचं युद्ध. १८४६ साली ग्रँट तिथे तरुण लेफ्टनंट म्हणून लढले, शौर्याबद्दल नाव कमावलं, आणि चाळीस वर्षांनी लिहिलं की बलाढ्य राष्ट्राने दुबळ्या राष्ट्रावर लादलेल्या सर्वांत अन्यायी युद्धांपैकी ते एक होतं. पुढे आणखी एक पायरी चढतात. गुलामगिरीला वाव देणारा मुलूख मिळवण्यासाठी ते युद्ध झालं, आणि दक्षिणेचं बंड हे बरंचसं त्याचंच फळ. माणसांप्रमाणे राष्ट्रांनाही आपल्या अपराधांची शिक्षा भोगावी लागते.

देशाचा सेनापती आणि राष्ट्राध्यक्ष राहिलेल्या माणसाने आपल्याच देशाच्या जिंकलेल्या युद्धाबद्दल हे लिहावं, याचा मला मनापासून आदर वाटतो. सरांनी समासात विचारलं होतं की "अन्यायी" जरा मवाळ करता येईल का. नाही. मूळ जेवढं कठोर आहे तेवढंच मराठीत राहील.

४ जानेवारी २०२५

आठवडाभर अडकले होते, आज सुटले. नीट लिहून ठेवते, कारण पुढची सगळी प्रकरणं यावर चालणार आहेत.

ग्रँट शेवटच्या महिन्यात माउंट मॅकग्रेगरवर होते. आवाज गेला होता, डॉक्टरांशी चिठ्ठ्या लिहून बोलत. जुलै १८८५ मधल्या एका चिठ्ठीत ते लिहितात की मी पुरुषवाचक सर्वनाम नसून क्रियापद आहे असं मला वाटतं. असणं, करणं किंवा सोसणं दाखवतं ते क्रियापद, आणि मी तिन्ही दाखवतो.

ही चिठ्ठी मला आधीपासून माहीत होती, पण मराठीत करताना तिने मला कामाला लावलं. इंग्रजीत प्रत्येक वाक्यात कर्ता म्हणावाच लागतो, त्यामुळे मूळ पुस्तकात "मी" पानोपानी आहे, तरी तो आढ्यतेचा वाटत नाही. तो "मी" जसाच्या तसा मराठीत आणला तर माणूस सारखा छातीवर हात मारतोय असं वाटतं. मराठीत तर निघालो, पोचलो, थांबलो, भिजलो एवढं म्हटलं की कोण ते कळतं. मग मी जिथेजिथे जमेल तिथे सर्वनाम काढून टाकलं. परिच्छेद एकदम हलका झाला, ग्रँटचा झाला.

पण एका ठिकाणी गाडी अडली. निघालो, पोचलो यांतून "मी" जातो. "हुकूम दिला" यातून जात नाही. कोणी दिला? भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्माच्या मागे जातं, कर्ता सांगावाच लागतो. म्हणजे हा माणूस स्वतः हलतो, चालतो, झोपतो, भिजतो तिथे त्याला स्वतःचं नाव घ्यावं लागत नाही, आणि दुसऱ्याला मरणाच्या तोंडी धाडतो तिथे मात्र "मी" म्हणावंच लागतं. हा नियम माझा नव्हे, आपल्या व्याकरणाचा आहे, आणि या पुस्तकाला तो इतका चपखल बसतो की मी आज सकाळपासून त्याच आनंदात आहे.

ठरलं. जिथे सर्वनाम गळू शकतं तिथे गळेल, आणि हुकमांच्या वाक्यात "मी" ठसठशीत राहील. "मी"ऐवजी "आम्ही" करून तो बुजवायचा नाही.

११ जानेवारी

प्रकरण १८. १८६१, मिझुरी. नुकताच कर्नल झालेला ग्रँट आपली रेजिमेंट घेऊन हॅरिस नावाच्या बंडखोर कर्नलच्या तळावर चाल करून निघतो. टेकडी चढताना काळीज वर वर येत अगदी घशाशी आल्यासारखं होतं. इलिनॉयला परत जायला मिळालं तर काहीही द्यायची तयारी, पण थांबून विचार करायचं धैर्य नव्हतं, म्हणून चालत राहिलो, असं ते लिहितात. टेकडीच्या माथ्यावरून पाहतात तर तळ रिकामा. हॅरिस आधीच पळालेला. मला त्याची जेवढी भीती वाटत होती तेवढीच त्यालाही माझी वाटत होती, हे तेव्हा ध्यानात आलं, आणि पुढे कधीच विसरलो नाही.

मराठीत "काळीज घशाशी" पेक्षा "जीव मुठीत" जवळचं वाटतं, पण इथे घसाच हवा. ज्या घशाच्या दुखण्याने लिहिणारा मरतोय, त्या घशाचा उल्लेख मी पुसणार नाही.

हे सगळं घडलं फ्लोरिडा नावाच्या खेड्याजवळ, आणि ते मार्क ट्वेनचं जन्मगाव. पुस्तक छापणाऱ्याचं गाव असं वाटेत भेटलं.

१९ जानेवारी

शायलोची लढाई. ६ आणि ७ एप्रिल १८६२. दोन प्रकरणांना बारा दिवस लागले.

एक मोकळं शेत. त्यात इतकी प्रेतं पडलेली की कोणत्याही दिशेने गेलं तरी प्रेतांवर पाय ठेवत, जमिनीला पाऊल न लागता पलीकडे जाता आलं असतं. मूळ वाक्य लांब आहे आणि एका दमात येतं. मी त्याचे तीन तुकडे केले, परत जोडले, परत तोडले. शेवटी जोडलेलंच ठेवलं. वाचणाऱ्यालाही ते शेत मध्ये न थांबता ओलांडावं लागलं पाहिजे.

मग पहिल्या रात्रीचा पाऊस. घोडा पडल्यामुळे ग्रँटचा घोटा सुजलेला. झाडाखाली झोप येईना म्हणून ते लाकडी घराच्या आडोशाला गेले. तिथे जखमींचे हातपाय कापण्याचं काम चालू होतं. शत्रूच्या गोळीबारापेक्षा ते दृश्य सोसवेना म्हणून पुन्हा पावसात, झाडाखाली. एवढंच. त्यावर कुठलंही भाष्य नाही. "परत आलो आणि पावसात झाडाखाली बसलो." इथे "मी" नाही, आणि नसावाच.

२७ जानेवारी

व्हिक्सबर्ग, ४ जुलै १८६३. जवळजवळ तीस हजारांची फौज शरण आली. ग्रँटनी त्यांना उत्तरेच्या तुरुंगांत न पाठवता, रीतसर अदलाबदल होईपर्यंत पुन्हा लढणार नाही असं लिहून घेऊन सोडून दिलं. याला इंग्रजीत जो शब्द आहे तो आपल्याकडे "पॅरोल" म्हणून आला, पण मराठी वाचकासाठी पॅरोल म्हणजे कैदी आईच्या आजारपणासाठी दहा दिवस बाहेर येतो तो. चालणार नाही.

सरांनी "कौल" सुचवला. शब्द सुंदर आहे, पण दिशा उलटी. कौल जिंकणारा देतो, तुमच्या जिवाला धोका नाही म्हणून. इथे शब्द हरणारा देतोय. "शब्दावर सोडलं" असं केलं. काकांना फोन करून विचारलं, ते म्हणाले, "बरोबर. जामीन म्हणजे त्याचा शब्दच."

८ फेब्रुवारी

कोल्ड हार्बर. ३ जून १८६४चा हल्ला. खंदकांत पक्क्या बसलेल्या, दक्षिणेचा सेनापती ली याच्या फौजेवर समोरून घातलेली धाड, आणि काही वेळात हजारो माणसं पडली. हाती काहीच लागलं नाही. त्यानंतर जखमी उचलण्यासाठी ग्रँट आणि ली यांच्यात पत्रापत्री चालली, त्यात दिवस गेले. ग्रँट ती पत्रं पुस्तकात छापतात, आणि शेवटी माणसं मैदानात पोचली तोवर दोन जखमी वगळता बाकीचे सगळे मेले होते, हेही सांगतात.

पुढे ते प्रसिद्ध वाक्य. कोल्ड हार्बरचा तो शेवटचा हल्ला झाला याची मला नेहमीच खंत वाटत आली आहे, अशा अर्थाचं. इंग्रजीत क्रियापद कर्मणी आहे. हल्ला कोणी केला ते वाक्य सांगत नाही. खंत "मी"ची आहे, हल्ला मात्र कोणाचाच नाही.

माझा नियम इथे माझ्यावरच उलटला. हुकमाच्या वाक्यात "मी" राहील असं ठरवलं होतं, आणि लेखकाने पुस्तकातल्या सर्वांत जड हुकमातून तोच काढून घेतलाय. "मी तो हल्ला करायला नको होता" असं लिहायचा मोह झाला. वाचकाला ते आवडलंही असतं. पण ती कबुली माझी झाली असती, त्यांची नव्हे.

मग मराठीत हा कर्ता कसा लपवायचा? "हल्ला झाला" फार नैसर्गिक, पाऊस झाला तसं. "केला गेला" कानाला खटकतं. दोन दिवसांनी सापडलं : "हल्ला करण्यात आला." ही आपल्या सरकारी कागदांची, मंत्र्यांच्या निवेदनांची भाषा. निर्णय घेण्यात आला, बळाचा वापर करण्यात आला. आख्ख्या पुस्तकात हा माणूस सैनिकासारखा लिहितो, आणि नेमक्या या एका वाक्यात कचेरीची भाषा येते. ती तशीच ठेवली. "कोल्ड हार्बर येथे तो शेवटचा हल्ला करण्यात आला, याची मला कायम खंत वाटत आली आहे."

सरांचा शेरा : "हे वाक्य बाकीच्यांपेक्षा वेगळं वाटतंय." वेगळं वाटायलाच हवं.

२२ फेब्रुवारी

अपोमॅटॉक्सचं प्रकरण पुरं. ९ एप्रिल १८६५.

आदल्या रात्री ग्रँटचं डोकं भयंकर दुखत होतं. गरम पाण्यात मोहरी घालून त्यात पाय सोडून बसले, मनगटांवर आणि मानेवर मोहरीचा लेप लावला. आमच्या घरात हे अजून चालतं, त्यामुळे भाषांतराला कष्ट नाहीत. सकाळी लीची चिठ्ठी आली, शरणागतीबद्दल भेटू म्हणून. चिठ्ठी वाचताक्षणी डोकं थांबलं.

भेटीत ली नव्या कोऱ्या पोशाखात, कमरेला देखणी तलवार. ग्रँट साध्या शिपायाच्या कोटात, फक्त खांद्यावर हुद्द्याच्या फिती. जुन्या फौजेच्या, मेक्सिकोच्या आठवणींत ग्रँट इतके रमले की आपण कशासाठी भेटलोय याची आठवण लीलाच करून द्यावी लागली. मग अटी. ज्यांचे घोडे स्वतःचे आहेत त्यांनी ते घरी न्यावेत, पेरणीला लागतील. लीच्या माणसांना दिवसेंदिवस भाजलेल्या मक्यावर काढावे लागले होते. किती जणांचं जेवण लागेल? ली म्हणाला, सुमारे पंचवीस हजार. ग्रँटनी ते देऊ केलं. बाहेर आपल्या तोफांनी विजयाची सलामी सुरू केली तेव्हा ती थांबवायला सांगितली.

आणि तरीही ते भुलत नाहीत, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. इतका काळ इतक्या शौर्याने लढलेल्या शत्रूच्या पाडावाचा आनंद वाटला नाही, असं लिहितात, आणि त्याच वाक्यात, त्यांनी ज्यासाठी हे सोसलं ती बाजू मात्र लोक आजवर ज्यांसाठी लढले त्यांतली अत्यंत वाईट होती, आणि तिला सबबही सर्वांत कमी होती, असंही लिहितात. हरलेल्याला मान दिला, त्याच्या कारणाला नाही दिला. वाक्य मध्ये तोडायचं नाही अशी सूचना अक्षरजुळणी करणाऱ्या मुलीला लेखी दिली आहे.

५ मार्च

आता जे टाळत होतो त्याला हात घालावा लागला.

पुस्तक १८६५मध्ये संपतं. राष्ट्राध्यक्षपदाची आठ वर्षं त्यात जवळजवळ नाहीत. उपसंहारात कॅरिबियनमधला सँटो डोमिंगो हा देश अमेरिकेत सामील करून घेण्याच्या फसलेल्या प्रस्तावाबद्दल थोडं आहे, बस. करार आणि त्याआधी एका मासिकाने केलेली लेखांची मागणी युद्धाच्या आठवणींची होती, वेळही उरला नव्हता, हे सगळं खरं. पण मराठी वाचक राजकारण्याचं आत्मचरित्र हातात घेतो ते सत्तेच्या वर्षांसाठी. तो विचारणारच.

सरांचं म्हणणं, एक पुरवणी प्रकरण लिहावं, ग्रँटच्या शैलीत. मी नाही म्हटलं. आवाज जरा चढला आमचा दोघांचा.

आपल्याकडे याचं जवळचं उदाहरण आहे. यशवंतराव चव्हाणांचं "कृष्णाकाठ" १९८४ साली आलं आणि ते १९४६पाशी थांबतं. पुढचे "सागरतीर" आणि "यमुनाकाठ" लिहायचे राहिले, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यशवंतराव गेले. संयुक्त महाराष्ट्र, मुख्यमंत्रिपद, चीनच्या युद्धानंतर संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला जाणं, यातलं काहीच त्यात नाही. म्हणून कोणी ते प्रकरण त्यांच्या आवाजात लिहून जोडलं असतं तर आपण खपवून घेतलं असतं का? सर गप्प झाले. ते कऱ्हाडचे आहेत.

गाळलेलं फक्त राष्ट्राध्यक्षपदच नाही. डिसेंबर १८६२मध्ये ग्रँटनी आपल्या हुकमतीखालच्या मुलखातून सगळ्या ज्यूंना हाकलण्याचा हुकूम काढला होता. लिंकननी तो रद्द करायला लावला. आत्मकथनात त्याचा शब्द नाही. १८५४ साली सैन्य सोडलं त्याचं कारण कुटुंबाला पगारात पोसणं जमत नव्हतं एवढंच दिलंय, दारूची जी बोलवा होती तिच्याबद्दल काही नाही. हे वाचकाला माहीत असायला हवं. पण त्यांच्या तोंडी घालून नव्हे.

१२ मार्च

पहाटे उठून महात्मा फुल्यांचं समग्र वाङ्मय काढलं. "गुलामगिरी", १८७३. अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या सज्जन लोकांना. गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी जो निःस्वार्थ त्याग केला त्याबद्दल आदर म्हणून, आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवून शूद्र बांधवांना सोडवावं या इच्छेने.

शाळेपासून ही अर्पणपत्रिका ऐकत आलेय. आज पहिल्यांदा साल पाहून थबकले. १८७३मध्ये त्या देशाचा राष्ट्राध्यक्ष ग्रँट होता. त्या मार्चमध्येच त्यांची दुसरी कारकीर्द सुरू झाली. म्हणजे पुण्यातून जोतीराव ज्यांना अभिवादन करत होते त्यांच्यात मी गेले चार महिने ज्यांच्यासोबत चालतेय ते शायलो आणि कोल्ड हार्बरचे शिपाई होते. आणि ज्या वर्षांबद्दल ग्रँट गप्प आहेत ती हीच वर्षं.

त्या वर्षांत काय झालं? १८७० साली कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार देणारी पंधरावी घटनादुरुस्ती अमलात आली. त्यांना मत देण्यापासून रोखायला कु क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या गुप्त संघटनेचे लोक रात्री घरांवर चालून जात, चाबकाने मारत, खून करत. १८७१मध्ये ग्रँटनी काँग्रेसकडून कायदा करून घेतला, आणि दक्षिण कॅरोलिनाच्या नऊ परगण्यांत बंदीप्रत्यक्षीकरणाचा (अटक झालेल्याला न्यायालयापुढे आणायला लावण्याचा) हक्क स्थगित करून सैन्याच्या मदतीने धरपकड केली. क्लॅन त्या वेळी मोडली. पण एप्रिल १८७३मध्ये लुइझियानातल्या कोलफॅक्सला कित्येक कृष्णवर्णीय माणसांना, त्यांतल्या अनेकांना शरण आल्यावरही, गोऱ्या टोळीने ठार मारलं. युद्ध अपोमॅटॉक्सला संपलं नव्हतं. शरण आलेल्याला जेवू घालणारा सेनापती राष्ट्राध्यक्ष असताना हे घडलं. याच कारकिर्दीत व्हिस्कीवरच्या कराची लूट आणि युद्धमंत्री बेलनॅपची लाचखोरी उघडकीला आली. भागीदाराला ओळखू न शकलेला माणूस सहकाऱ्यांनाही ओळखू शकला नव्हता. भाचीने घोड्याच्या किश्श्यावरून हेच म्हटलं होतं.

दुपारी सरांना फोन केला. पुरवणी प्रकरण नको, पण माझ्या नावाने, माझ्या आवाजात आठ पानांचा लेख शेवटी असेल आणि तो जोतीरावांच्या अर्पणपत्रिकेपासून सुरू होईल. सर एका दमात हो म्हणाले.

१३ मार्च

लेखासाठी आणखी एक. १८७७ नंतर ग्रँट जगप्रवासाला निघाले आणि फेब्रुवारी १८७९मध्ये मुंबईला उतरले. मलबार पॉइंटवरच्या गव्हर्नरच्या बंगल्यात मुक्काम. त्याच फेब्रुवारीत वासुदेव बळवंत फडक्यांनी धामारीवर पहिला दरोडा घातला. मोठ्या दुष्काळाची वर्षं नुकतीच सरली होती. आत्मकथनात मुंबई नाही. माझ्या लेखात दोन ओळी, जास्त नाही.

२६ मार्च

उपसंहार झाला. पहिलंच वाक्य : या महायुद्धाचं कारण गुलामगिरी हेच मानावं लागेल. राज्यांचे हक्क वगैरे फाटे नाहीत. ज्याला बोलता येत नाही, गिळता येत नाही, खुर्चीत बसूनच झोपावं लागतं, तो माणूस पेन्सिलीने हे लिहून ठेवतो. इथे मी शब्दकोश उघडलाच नाही.

२ एप्रिल

बावीसही प्रकरणं अक्षरजुळणीला गेली. लेखाची पाच पानं तयार, तीन बाकी. नकाशे तीन : शायलो, व्हिक्सबर्ग, आणि १८६४च्या व्हर्जिनिया मोहिमेचा. व्हिक्सबर्गच्या नकाशात मिसिसिपी नदीचं वळण उलट छापलं गेलंय, ते दुरुस्त करायला सांगितलं.

संध्याकाळी सुभेदारकाकांकडे अपोमॅटॉक्सची मुद्रितं घेऊन गेले. चष्मा लावून त्यांनी मोठ्याने वाचलं, काकू निवडत होत्या ते गहू बाजूला ठेवून ऐकत बसल्या. पंचवीस हजारांपाशी काका थांबले. मी "पंचवीस हजार माणसांना पुरेल एवढं अन्नधान्य" असं लिहिलं होतं.

"अन्नधान्य गोदामात असतं," काका म्हणाले. "शिपायाला देतात तो शिधा."

तीन ठिकाणी बदलायचं आहे.